काँक्रीट ओतण्याआधी लॅनचा पाइप मागा

वाकड, पुनावळे, रावेत भागातल्या नव्या इमारतींमध्ये मी नेटवर्कच्या वायरी टाकायचं काम करतो. जवळपास प्रत्येक घरात एकच तक्रार कानावर येते: "दादा, शंभरचा प्लॅन तीनशेचा केला, नवा राउटर आणला, तरी आतल्या बेडरूममध्ये मीटिंग तुटतेच." मी आधी लॅपटॉप वायरीने राउटरला जोडून स्पीड बघतो. बहुतेक वेळा तीनशे पूर्ण मिळतात. मग तोच लॅपटॉप बेडरूममध्ये नेला की तीस-चाळीस. म्हणजे गळती रस्त्यावरच्या फायबरमध्ये नाही, घरातल्या वीस-पंचवीस फुटांत आहे. आणि लोक पैसे ओततात ते मात्र प्लॅन वाढवण्यात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राउटरच्या खोक्यावरचा आकडाही दिशाभूल करणारा असतो. एसी 1200 म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झवरचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झवरचे 867 यांची बेरीज, वर गोल केलेली. तुमचा फोन एका वेळी दोन्हींपैकी एकावरच असतो, त्यामुळे त्या बेरजेचा त्याला काही उपयोग नाही. राहिले 867. त्यातलाही बराच वाटा हवेतल्या शिस्तीवर खर्च होतो. राउटरसमोर बसून मोजलं तरी पाचशे-सहाशेच्या वर सहसा जात नाही.

ही शिस्त समजून घेण्यासारखी आहे. एका चॅनेलवरचं वायफाय ग्रामसभेतल्या एकुलत्या माइकसारखं चालतं. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. राउटर बोलत असेल तर फोन गप्प, फोन बोलत असेल तर राउटर गप्प. बोलण्याआधी प्रत्येकाने कानोसा घ्यायचा, थोडं थांबायचं, मग माहितीचा तुकडा पाठवायचा. समोरून पोच आली नाही तर तो पुन्हा पाठवायचा. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर तोही याच रांगेत. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. टॉवरमध्ये फोन उघडला की वीस-पंचवीस वायफायची नावं दिसतात. त्यातला प्रत्येक राउटर "मी इथे आहे" असं सेकंदाला साधारण दहा वेळा सांगत असतो, आणि तेही सगळ्यात संथ वेगाने. घरातला एखादा जुना फोन लांबच्या कोपऱ्यात असेल तर त्याला तेवढ्याच माहितीसाठी हवा जास्त वेळ अडवावी लागते. त्याची झळ राउटरजवळ बसलेल्यालाही लागते.

वायरीत हे काही नाही. गिगाबिटच्या लॅन केबलमध्ये तांब्याच्या चार जोड्या असतात आणि चारही जोड्यांवरून दोन्ही दिशांनी एकाच वेळी माहिती जाते. शंभर मीटरपर्यंत ती हजारातले नऊशे चाळीसच्या आसपास प्रत्यक्ष हातात देते, रात्री नऊ वाजता सगळी बिल्डिंग सिनेमे बघत असली तरी.

आता मूळ मुद्दा. आमच्या भागातले बरेच टॉवर मायव्हान पद्धतीचे आहेत. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात, म्हणजे आतल्या खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा आरसीसीच्या, पोटात सळ्या. विटेच्या भिंतीतून वायफाय बऱ्यापैकी पार होतं. इथे दोन भिंती ओलांडताना त्याचा जीव जातो, त्यातही 5 गिगाहर्ट्झचा जास्त. फायबर मात्र दारातून आत येतं, त्यामुळे राउटर बसतो हॉलमध्ये टीव्हीमागे. काम करणारी मुलगी किंवा अभ्यास करणारा मुलगा शेवटच्या खोलीत. स्वस्तातला रिपीटर लावला तर तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि पुढे सांगतो, त्यामुळे वेग जवळपास अर्ध्यावर येतो.

विटेच्या घरात मी झिरी मारून पाइप टाकतो, वर प्लास्टर करून देतो. मायव्हानच्या भिंतीला झिरी मारता येत नाही, मारूही नये. ज्या भिंती वायफाय अडवतात, त्याच भिंती नंतर वायरही आत घेत नाहीत. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक बेडरूममध्ये आणि हॉलच्या छतात लॅनचा वेगळा पाइप बिल्डरनेच टाकायला हवा. विजेचे पाइप सळ्यांना बांधतात त्याच दिवशी हाही बांधता येतो. एका फ्लॅटच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. तरीही ब्रोशरमध्ये टीव्ही पॉइंट, एसी पॉइंट, गिझर पॉइंट असतात आणि लॅन पॉइंट सापडत नाही. 2020 नंतर ज्या शहरात निम्मं ऑफिस घरात आलं, तिथे ही कमतरता मला अक्षम्य वाटते.

दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारे, म्हणजे स्टार रेटिंग, देण्याचे नियम आणले. चांगली सुरुवात आहे. पण बुकिंग करताना त्या ताऱ्यांबद्दल विचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. तुम्ही विचारा. वायर कुठली टाकणार तेही विचारा, कारण ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाजारात सर्रास मिळते. ती टाकायची असेल तर न टाकलेली बरी.

फोन वायफायवरच राहणार, राहू दे. टीव्ही, कामाचा लॅपटॉप, कॅमेऱ्याचा डीव्हीआर या जागच्या जागी असलेल्या वस्तू वायरीवर गेल्या की फोनसाठी हवा मोकळी होते. आतल्या खोलीतला दुसरा राउटरही वायरीने जोडला की पूर्ण वेग देतो.

तुमच्या मजल्याचे साचे अजून लागले नसतील तर या आठवड्यात साइटवर जा आणि इंजिनियरकडून पाइपची जागा ड्रॉइंगवर लिहून घ्या. ताबा घेऊन झाला असेल तर स्कर्टिंगच्या कडेने पट्टी मारून मी वायर आत नेऊन देतो. ती थोडी दिसते, पण मीटिंग तुटत नाही.