प्रदक्षिणा म्हणजे चालण्याचा व्यायाम नव्हे

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात स्तूपाभोवती फिरताना आमच्याबरोबरचे एक सुशिक्षित गृहस्थ उद्गारले, "जुन्या लोकांनी चालण्याच्या व्यायामाची केवढी सोय करून ठेवली होती!" त्यांनी हे थट्टेने म्हटले नव्हते. नमाज म्हणजे वज्रासन, साष्टांग नमस्कार म्हणजे कण्याला ताण, प्रदक्षिणा म्हणजे रक्ताभिसरण. सबब सर्व धर्म एकच आणि तो आरोग्याचा, असा सिद्धांत हल्ली सर्रास ऐकू येतो. त्यामागचा हेतू सलोख्याचा असतो, हे आम्ही मान्य करतो. सिद्धांत मात्र आम्हांस साफ अमान्य आहे.

ज्या लेण्यात हे उद्गार निघाले ते इसवी सनापूर्वी कोरलेले चैत्यगृह आहे. तेथे मुळात पूजेसाठी होता तो साधा स्तूप, आणि खांबांच्या रांगेमागून त्याला वळसा घालणारी वाट. डोंगर पोखरणाऱ्याने चालणाऱ्या देहाचा विचार आधीच केलेला होता. स्तूप उजव्या हाताला ठेवायचा. 'प्रदक्षिणा' या शब्दातच ती उजवी बाजू आहे. मक्केत काबेभोवती सात फेरे घालणारा यात्रेकरू काबा डाव्या हाताला ठेवतो. शिवालयात तर सोमसूत्र न ओलांडता मागे फिरायचे असते. रक्ताभिसरणाला या तिन्हींत काय फरक पडतो? भक्ताला मात्र सारा फरक तेथेच पडतो.

पुढे पाचव्या शतकातील सव्विसाव्या लेण्यात स्तूपाच्या दर्शनी भागावर बुद्धमूर्ती आली. फिरणाऱ्याला समोर थांबण्याचे कारण मिळाले, तरी मागची वाट राहिलीच. स्तूप उजवीकडे ठेवून चालू लागणारा माणूस डावीकडच्या वाटेत शिरतो, आणि त्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीचा महापरिनिर्वाणस्थ बुद्ध पहुडलेला आहे. भक्ताची पावले त्या मृत्यूच्या शेजारून स्तूपामागे जातात. यात व्यायाम शोधणाऱ्याला आम्ही काय सांगावे?

कोणी औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा दाखला देईल. सूर्यनमस्कार घरोघरी नेण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. अजिंठ्यावर ग्रंथ लिहिणारेही तेच. परंतु व्यायाम म्हणून नमस्कार शिकवताना त्यांनी बीजमंत्र गाळले नाहीत. ते गाळून केवळ वाकणे तेवढे ठेवायचे, हे शहाणपण नंतरचे. नमाजातही आधी नियत आणि मग रुकू व सजदा. नियतीवाचून कपाळ भुईला टेकले तर ती नमाज होत नाही, हे कोणताही मौलवी सांगेल.

आमचा खरा आक्षेप याहून गंभीर आहे. ज्या महाराष्ट्रात 1930 साली काळाराम मंदिराच्या दारापाशी माणसांना सत्याग्रह करावा लागला, आणि 1947 साली पंढरपूरचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले, त्या महाराष्ट्रात 'वाकणे म्हणजे स्नायूंची हालचाल' असे म्हणणे हा इतिहासाचा विसर आहे. दाराबाहेर वाकणाऱ्याची पाठ आत वाकणाऱ्याइतकीच ताणली जात होती. शरीरशास्त्राच्या दृष्टीने दोघांत भेद नव्हता. सारा भेद उंबरठ्याचा होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंनी जुन्या देवांपुढे न वाकण्याची प्रतिज्ञा केली. त्यांच्या घरांत आज त्रिरत्नांसाठी तीनदा पंचांग प्रणाम होतो. गुडघे तेच, कपाळ तेच. पण कोणापुढे वाकायचे हा निर्णय आता त्यांचा स्वतःचा आहे. त्या प्रणामाला आसनाचे नाव देणे म्हणजे तो निर्णयच पुसून टाकणे होय.

यावर कोणी विचारील, मग न वाकणाऱ्याचे काय? त्याचाही मान आमच्याच म्हणण्यात राखला जातो. आखाड्यात न वाकणाऱ्याला आपण आळशी म्हणतो. देवापुढे न वाकणाऱ्याला कोणी नास्तिक म्हणेल, कोणी बंडखोर, पण आळशी म्हणणार नाही. वाकण्याला अर्थ आहे म्हणूनच नकारालाही आहे.

धर्माधर्मांत सलोखा हवा असेल तर शेजाऱ्याचा देह काय बोलतो ते आधी ऐकावे. त्याच्या सजद्याला आपल्या आसनाचे नाव दिल्याने तो आपला होत नाही. फक्त त्याचे म्हणणे आपल्या कानी पडायचे राहते. आणि अजिंठ्याला गेलात तर सव्विसाव्या लेण्यात डावीकडून शिरा. प्रणाम करा अथवा करू नका. पावले मोजू नका म्हणजे झाले.