सारे सण एकाच दिवशी?

“निवडणुका फार झाल्या बुवा!” असे म्हणणे हे अलीकडे शहाणपणाचे लक्षण ठरले आहे. लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदान एकदम उरकावे, आणि त्यानंतर शंभर दिवसांच्या आत नगरपालिका व पंचायतींचेही आटोपावे, अशी शिफारस कोविंद समितीने मार्च २०२४ मध्ये केली. खर्च वाचेल, आचारसंहितेपायी कामे अडणार नाहीत, असे तिचे समर्थक सांगतात. वाचकहो, मग गणपती, दिवाळी आणि होळीही एकाच दिवशी का उरकू नयेत? मोदक, करंजी नि पुरणपोळी एकाच पानात वाढली, की तूपही वाचेल!

१९५२ ते १९६७ या काळात देशात दोन्ही निवडणुका बहुतेक बरोबरच झाल्या, हे खरे. पण ती जोडी कोणी खोडसाळपणे फोडली नाही. काही विधानसभा मुदतीपूर्वीच विसर्जित झाल्या, आणि डिसेंबर १९७० मध्ये खुद्द लोकसभाही!

आता आचारसंहितेचे रडगाणे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पार पाडावी, अशी संविधानाची आज्ञा आहे. तरीही प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षण यांच्या वादात मतदान रखडले, ते थेट १५ जानेवारी २०२६ पर्यंत! दरम्यान साडेतीन वर्षांहून अधिक काळ पालिकेची निवडणूक नाही आणि तिची आचारसंहिताही नाही. त्या हिशेबाने मुंबईत रामराज्यच अवतरायला हवे होते! प्रत्यक्षात गटार तुंबले, नळाला गढूळ पाणी आले, तर जाब विचारायला एकही नगरसेवक पदावर नव्हता. सारा कारभार प्रशासकाच्या हाती.

याच काळात, २०२४ साली, महाराष्ट्राने दोनदा मतदान केले. लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. सहाच महिन्यांनी विधानसभेत महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. कोण जिंकले, याचे मला सोयरसुतक नाही. मतदाराला पुन्हा विचार करायची संधी मिळाली, आणि पुढाऱ्यांना पुन्हा त्याच्या दारी यावे लागले, हे मला मोलाचे वाटते.

दिल्लीचा प्रश्न वेगळा, राज्याचा वेगळा, आणि आपल्या गल्लीतल्या नळाचा त्याहून वेगळा. एकाच दिवशी विचारले, तर दिल्लीच्या नगाऱ्यात नळाची टिपटिप कोणाला ऐकू येणार? तेव्हा तिन्ही प्रश्न आम्हांला वेगवेगळे विचारा. आम्ही थकलेलो नाही. फक्त विचारायचे ते वेळेवर विचारा!