हलणारा ट्रायपॉड

लग्नाच्या शूटिंगवर घर चालवणारे फोटोग्राफर आणि आपल्या मालाचे फोटो स्वतः काढून व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना पाठवणारे कारागीर, या दोघांची एक तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. ट्रायपॉड स्वस्तात घेतला, पण तो स्थिर राहत नाही. जरीच्या कामाचा फोटो अस्पष्ट आला की गिऱ्हाईक कामालाच नावे ठेवते, ट्रायपॉडला नाही.

आमचे मत असे की, निम्मा दोष ट्रायपॉडचा आणि निम्मा आपला. त्याचे पाय म्हणजे एकात एक बसणाऱ्या नळ्या. सर्वांत खालची नळी सर्वांत बारीक. आपले बांधव घाईत आधी तीच ओढतात, वर मधला दांडाही पूर्ण उंच करतात. मग कॅमेरा काठीवर ठेवल्यासारखा डुलणारच! आधी वरच्या जाड नळ्या बाहेर काढाव्यात, बारीक नळी गरज पडली तरच, आणि मधला दांडा शक्यतो खालीच ठेवावा. एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे असावा. सांध्यांचे स्क्रू महिन्याकाठी कसावेत. नवा ट्रायपॉडही पुष्कळदा ढिलाच मिळतो.

मधल्या दांड्याखाली हूक असल्यास त्याला सामानाची पिशवी अडकवावी. पिशवी जमिनीला जरा टेकू द्यावी, नाहीतर तीच झोके घेऊन कॅमेरा हलवते. मात्र प्लॅस्टिकच्या सांध्यांवर फार वजन टाकू नये. दुकानातल्या मंद उजेडात शटर पाव सेकंद उघडे राहते, तेवढ्यात बटण दाबणाऱ्या बोटाचा धक्काही फोटो बिघडवतो. म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. याला पैसा लागत नाही.

व्हिडिओची गोष्ट मात्र वेगळी. प्लॅस्टिकचे हेड फिरवताना अडखळते, त्यावर आम्हाला इलाज सापडलेला नाही. निकाहचा प्रसंग पुन्हा घडत नाही. पार्टीकडून ॲडव्हान्स घेऊन असा ट्रायपॉड मांडवात उभा करणे आम्हाला पटत नाही, मग कोणी आम्हाला खर्चीक म्हणो. बंद पडलेल्या स्टुडिओतला जुना जड स्टँड मिळाला तर नव्या हलक्या ट्रायपॉडपेक्षा तो घ्यावा.

दुकानदार बांधवांनाही एक सांगणे आहे. मोबाईलपुरता असलेला माल ‘मोठ्या कॅमेऱ्यालाही चालतो’ म्हणून खपवू नका. असे गिऱ्हाईक एकदाच येते. आणि घेणाऱ्याने आपला कॅमेरा सोबत न्यावा, दुकानातच ट्रायपॉड पूर्ण उघडून त्यावर चढवावा, लेन्सचे चित्र मोठे करून पायाला टिचकी मारावी आणि थरथर थांबायला किती वेळ लागतो ते पाहावे. दुकानदार ट्रायपॉड उघडूच देत नसेल, तर शेजारचे दुकान गाठावे.