फळा कुणासाठी लिहिता?

मागच्या वर्षीची गोष्ट. पारनेर तालुक्यातल्या एका वाचनालयाने 'मुलींचा वारसाहक्क' या विषयावर व्याख्यान ठेवले होते. वक्त्या वकील होत्या, चांगल्या तयारीने आल्या होत्या. आठ दिवस आधीपासून वाचनालयाच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात सूचना लिहिलेली होती. रविवारी संध्याकाळी सहा वाजता व्याख्यान सुरू झाले तेव्हा चाळीसएक पुरुष बसलेले होते. बाया किती? वक्त्या धरून पाच. त्यातली एक मी.

त्याच आठवड्यात आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली. वय पंचेचाळीसच्या आसपास, सातवी शिकलेली, सासर तालुक्यातलेच. माहेरची जमीन सुप्याच्या बाजूला. औद्योगिक वसाहत आल्यापासून तिकडच्या जमिनींना भाव आला आहे. आदल्या दिवशी भावाने गाडी पाठवून तिला बोलावून घेतले. जेवू घातले, साडी नेसवली आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेऊन हक्कसोड पत्रावर सही घेतली. "नुसती नावं लावायचीत," असे तिला सांगितले होते. रात्री शेजारणीशी बोलताना तिला खरा प्रकार कळला. "ताई, ही सही परत घेता येती का?" एवढेच ती विचारत होती.

नोंदणी झालेले हक्कसोड पत्र नुसते 'नको' म्हणून परत घेता येत नाही. दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो, फसवणूक झाली हे सिद्ध करावे लागते. त्याला वर्षे लागतात, पैसे लागतात आणि माहेर कायमचे तुटते. हे सगळे तिला सांगताना मला रविवारचे व्याख्यान आठवत होते. न राहवून मी त्याबद्दल बोलले. ती म्हणाली, "कुठं लिहिलं होतं?" म्हटले, वाचनालयाच्या फळ्यावर. त्यावर ती म्हणाली, "तिथं आपण कुठं जातो? ती गडीमाणसांची जागा."

ही बाई दर बाजाराला त्या रस्त्याने जाते. फळ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर भाजी घेते. तिला वाचता येते. तरीही ती बातमी तिच्यासाठी लिहिलेली होती असे तिला वाटले नाही, आणि खरे सांगायचे तर लिहिणाऱ्यालाही तसे वाटले नव्हते.

वाचनालयाने काही वाईट केले असे मी म्हणत नाही. व्याख्यान ठेवले हेच पुष्कळ. पण फळा लिहिला म्हणजे गावाला कळवले, हा जो समज आहे तो तपासून पाहण्याची वेळ आली आहे. गाव म्हणजे कोण? फळ्यासमोर जो उभा राहू शकतो तोच ना?

आपल्या जिल्ह्याला वाचनालयांची परंपरा जुनी आहे. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे. त्याच सुमारास सिंथिया फरार यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि पुढे सावित्रीबाई फुले शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला त्यांच्याकडे आल्या. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याखाली आज राज्यात सुमारे अकरा हजार ग्रंथालये शासनाच्या अनुदानावर चालतात. अनुदान सरकारचे, म्हणजे आपले. बाई साखर विकत घेते तेव्हा तिचाही कर त्यात जातो. मग या अकरा हजार जागांपैकी किती जागा तिच्या आहेत?

मी मुद्दाम तीन संध्याकाळी तालुक्यातल्या एका वाचनालयात जाऊन बसले. वर्तमानपत्राच्या टेबलाभोवती पुरुष. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले. एक मुलगी आली, पुस्तक बदलले आणि दोन मिनिटांत गेली, जणू उशीर झाला तर कुणी विचारील. 'महिला विभाग' होता. तो म्हणजे एक कपाट. त्यात पाककृती, व्रतकथा, भरतकाम आणि गर्भवतीचा आहार. मालमत्तेचा कायदा, कौटुंबिक हिंसेचा कायदा, ग्रामपंचायतीचा कायदा हे सगळे 'सामान्य विभागात', म्हणजे पुरुषांच्या टेबलामागच्या भिंतीला. वेळ सकाळी आणि संध्याकाळी. दोन्ही वेळा चुलीच्या आणि पाण्याच्या. दुपारी एक ते चार, जेव्हा बाईला थोडी उसंत असते, तेव्हा कुलूप.

यावर हल्ली एक उत्तर ठरलेले असते. "आता मोबाइलवर सगळं मिळतं, फळा कोण वाचतो?" हे उत्तर देणाऱ्याचा मोबाइल त्याच्या खिशात असतो. आमच्या गावांतून पुष्कळ घरांत चांगला मोबाइल एकच, आणि तो नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे. पारनेरची कितीतरी घरे मुंबईच्या कमाईवर चालतात. नवरा मुंबईला, मोबाइल मुंबईला, बाई इथे. आणि मोबाइलवर जे येते ते खरे की खोटे, जुने की नवे, हे कोण सांगणार?

२०२४ च्या जुलैत 'माझी लाडकी बहीण' योजनेच्या वेळी हे आपण सर्वांनी पाहिले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाया तहसील कचेरीत आणि सेतू केंद्रात दिवसदिवस रांगेत उभ्या होत्या. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही, असा बदल शासनाने लगेचच केला. अर्जाची मुदत १५ जुलै होती ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. पण मोबाइलवर जुनाच मजकूर फिरत राहिला. ज्यांना दाखला लागतच नव्हता त्यांनी मजुरी बुडवली, आणि अर्ज फुकट असताना मधल्या माणसांना पैसे दिले. त्या महिन्यात गावातल्या वाचनालयाच्या दारावर चार ओळी असत्या की 'अर्ज मोफत आहे. पिवळे-केशरी कार्ड असल्यास उत्पन्नाचा दाखला नको. मुदत ३१ ऑगस्ट', तर किती बायांची मजुरी वाचली असती?

वाचनालयाचे काम इथे सुरू होते. मजकूर खरा आहे का हे पाहणे, त्याची तारीख लिहिणे, तो जुना झाला की काढून टाकणे. हे काम मोबाइल करत नाही. ग्रंथपाल करू शकतो, कारण शासनाची पत्रके आणि वर्तमानपत्रे त्याच्या हाताशी असतात आणि त्याचा त्यात काही फायदा नसतो.

हे आपल्या तालुक्यात तरी पटायला हरकत नाही. माहितीच्या अधिकाराचा लढा राळेगण सिद्धीहून, म्हणजे आपल्याच तालुक्यातून उभा राहिला. २००३ च्या ऑगस्टमध्ये अण्णा हजारे मुंबईला आझाद मैदानावर उपोषणाला बसले, महाराष्ट्राचा कायदा झाला आणि २००५ साली सबंध देशाचा. त्या कायद्याचे चौथे कलम सहसा कुणी वाचत नाही. त्यात म्हटले आहे की कार्यालयांनी माहिती कुणी मागण्याची वाट न पाहता आपणहून द्यावी, स्थानिक भाषेत द्यावी, सूचनाफलक, वर्तमानपत्रे, जाहीर घोषणा अशा मार्गांनी लोकांपर्यंत पोचवावी. आणि कार्यालयाचे सार्वजनिक वाचनालय किंवा वाचनकक्ष असेल तर त्याची वेळसुद्धा जाहीर करावी. म्हणजे वाचनालय हे माहिती मिळण्याचे ठिकाण आहे हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. आपल्याकडे ते कथा-कादंबऱ्या ठेवण्याचे ठिकाण राहिले.

ग्रामसभेचेच उदाहरण घ्या. नियमित ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची अशी तरतूद कायद्यात आहे. किती गावांत बायांना ती तारीख कळते? बहुतेक ठिकाणी सभेनंतर वही घरोघर फिरते आणि सह्या होतात. दारूचे दुकान बंद करायचे तर एकचतुर्थांश महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करता येते आणि गुप्त मतदानात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडली तर दुकान बंद होते. यात मोजणी मतदानाला आलेल्यांची नसून यादीतल्या सर्व बायांची असते. म्हणून मतदानाची तारीख ज्या बाईला कळली नाही तिचे मत आपोआप दुकानाच्या बाजूने जाते. अशा ठिकाणी बातमी न पोचणे हे साधे राहून जाणे नसते.

मग वाचनालयांनी करायचे काय? मोठी इमारत नको, संगणक नको. आमच्या कामातून सुचलेल्या काही गोष्टी लिहिते.

पहिली, फळ्याची जागा. एक फळा वाचनालयाबाहेर, रस्त्यावरून जाताना वाचता येईल असा. त्याच मजकुराच्या हाताने लिहिलेल्या नकला पिठाची गिरणी, रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, एस.टी. स्टँड या ठिकाणी. बाई जिथे थांबते तिथे कागद गेला पाहिजे.

दुसरी, मजकूर. 'महिला सक्षमीकरण कार्यक्रम, उपस्थिती प्रार्थनीय' यातून काही कळत नाही. असे लिहावे: 'बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा किती? हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी काय पाहावे? वकीलताई सांगणार आहेत. मुलांना घेऊन आलात तरी चालेल. पैसे नाहीत.' जे फुकट आहे ते फुकट आहे असे प्रत्येक वेळी लिहावे.

तिसरी, वेळ. आठवड्यातून निदान दोन दुपारी वाचनालय बायांसाठी उघडे असावे. त्या वेळी शाळेतल्या मोठ्या मुलींनी किंवा बचत गटातल्या शिकलेल्या बाईने आठवड्याच्या सूचना मोठ्याने वाचून दाखवाव्यात. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही कान आहेत. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० साली ग्रंथालयांची चळवळ सुरू केली, बायांसाठी वेगळा विभाग काढला, पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरवल्या. शंभरावर वर्षे झाली. आपल्याला एक पेटी वाडीवस्तीवर नेता येऊ नये?

चौथी गोष्ट जरा नाजूक. मार खाणारी बाई फळ्यासमोर उभी राहून मदतीचा क्रमांक उतरवून घेईल का? चार जण बघत असताना शक्य नाही. तिच्या पुस्तकात 'छळ होत असल्यास' अशी चिठ्ठी घालून दिली तर ती घरात सापडेल आणि तिच्या अंगाशी येईल. म्हणून आम्ही असे सुचवले की 'गावासाठी उपयोगी माहिती' असा एकच कागद करावा आणि प्रत्येक पुस्तकात, पुरुषाच्याही पुस्तकात, घालावा. त्यात एस.टी.चे वेळापत्रक, लसीकरणाचा दिवस, रेशनची तारीख, आणि त्यांच्याच ओळीत महिला मदतवाहिनी १८१, पोलीस ११२, लहान मुलांसाठी १०९८, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि बाईला तिचे उत्पन्न कितीही असले तरी वकील मोफत मिळतो, हे १९८७ च्या कायद्यात आहे. असा कागद भिंतीला चिकटवला तर सासूही काढणार नाही, कारण तिलाही एस.टी. पकडायची असते.

पाचवी, मृत्यू. हे विचित्र वाटेल. पण घरातला कर्ता माणूस गेला की पहिले काही महिने बाईला काही सुचत नाही, आणि कागद तेव्हाच करायचे असतात. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेतून पात्र विधवेला दरमहा अनुदान मिळते. सात-बाऱ्यावर वारस म्हणून तिचे नाव लागले पाहिजे. भेटायला येणारे दहाव्या-तेराव्याला काय करावे ते सांगतात, तलाठ्याकडे केव्हा जावे हे कुणी सांगत नाही. त्या घरी वाचनालयाने एक कागद पोचवला तर ते खरे सांत्वन होईल.

यावर ग्रंथपाल म्हणतील, "ताई, आमचा पगार तरी विचारा." तो मी विचारला आहे आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. शासनाने २०२२ साली अनुदान साठ टक्क्यांनी वाढवले, तरी खेड्यातल्या लहान वाचनालयात जे काही हातात पडते त्यात घर चालत नाही. त्यांच्या वेतनाच्या मागणीला आपल्या चळवळीने पाठिंबा दिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे काम त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर टाकूही नये. बचत गट, आशा ताई, अंगणवाडी ताई आणि आपल्यासारखे गट यांनी मजकूर आणून द्यावा, वाचनालयाने तो तपासून लावावा. आणि कार्यकारी मंडळावर बाया हव्यात. नावापुरती एखादी सरपंचांची पत्नी नको. जिला रेशनच्या रांगेत उभे राहावे लागते अशी हवी.

सुप्याकडची ती बाई अजून येते. दावा लावायचा की नाही, हे तिचे ठरत नाही. भाऊ बोलत नाही, आई रडते. मी तिला घाई करत नाही. पण मागच्या महिन्यात ती धाकट्या बहिणीला घेऊन आली. बहिणीची सही अजून व्हायची आहे. तिला तिने पुढे बसवले आणि म्हणाली, "हिला ते सगळं सांगा, जे त्या दिवशी वाचनालयात सांगितलं."

मी दोन तास सांगितले. २००५ चा कायदा, मुलगी जन्मानेच वाटेकरी असते, बाप २००५ साली हयात नसला तरी तिचा हक्क जात नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल. धाकटी ऐकत होती. शेवटी तिने विचारले, "हे कुठं लिहिलेलं मिळंल का? म्हंजी आमच्या गावात लावता यील."

मैत्रिणींनो, आपापल्या गावच्या वाचनालयात एकदा जाऊन बसा. फळ्यावर काय लिहिले आहे, तो कोण वाचतो, कुलूप केव्हा लागते, ते पाहा आणि आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू. तोवर धाकटीसाठी कागद तयार करते आहे.