निकाल मागितला, निकाल मिळाला

सुमारे तीस वर्षांपूर्वी मध्य भारतातील एका जिल्ह्याचा जिल्हाधिकारी असताना मी पाचवीच्या जिल्हा परीक्षेचा निकाल सुधारण्याचा निश्चय केला. मासिक आढावा बैठकीत शाळानिहाय तक्ता भिंतीवर लावला. ज्या शाळांचा निकाल निम्म्याहून कमी, तेथील शिक्षकांची वेतनवाढ रोखण्याचा आदेश काढला. पुढच्या वर्षी निकाल झपाट्याने वाढला आणि राजधानीत कौतुक झाले. त्याच उन्हाळ्यात दौऱ्यावर असताना शंभर टक्के निकाल लागलेल्या एका गावी थांबलो. नुकत्याच पाचवी उत्तीर्ण झालेल्या एका मुलीला रेशन दुकानाच्या फलकावरील चार ओळी वाचायला सांगितल्या. तिला पहिला शब्दही वाचता आला नाही. मुख्याध्यापक वयाने माझ्याहून वडील होते. परतताना जीपपर्यंत सोबत आले आणि एवढेच म्हणाले, ‘‘साहेब, आपण निकाल मागितला होता.’’

तो आदेश मी मागे घेतला नाही. काही महिन्यांत माझी बदली झाली आणि वाढलेला निकाल माझ्या गोपनीय अहवालात जमा झाला.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशातील ७८१ जिल्ह्यांत ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ पार पडले. तिसरी, सहावी आणि नववीच्या २१ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची चाचणी झाली. तिसरीत भाषेचे सरासरी गुण ६४ टक्के, गणिताचे ६०. सहावीत तेच अनुक्रमे ५७ आणि ४६ टक्क्यांवर उतरले. त्याच वर्षी ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातील सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला.

हे आकडे शेजारी ठेवून लगेच कोणाला खोटे ठरवणे योग्य नाही. पहिला आकडा सरासरी गुण सांगतो, दुसरा मुलांचे प्रमाण. एक चाचणी शाळेत, पर्यायी प्रश्नांची. दुसरी घरी, एकेका मुलाला समोर बसवून तोंडी. तथापि २०२१ मध्ये डग जॉन्सन आणि आंद्रेस पराडो या अभ्यासकांनी त्याआधीच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाची इतर पाहण्यांशी तुलना केली, तेव्हा राज्यांच्या क्रमवारीतही जवळजवळ काहीच साम्य आढळले नाही. मोजपट्ट्या वेगळ्या असल्या तरी उंच कोण आणि ठेंगणा कोण, याबाबत त्यांचे साधारण एकमत व्हायला हवे. तेही होत नसेल, तर मापनाची व्यवस्थाच तपासली पाहिजे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात नवे काही दिसत नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या परीक्षेशी जोडले. निरीक्षक वर्षातून एकदा येई आणि प्रत्येक उत्तीर्ण मुलामागे पैसे ठरत. ठरलेले पुस्तक मुलांकडून पाठ करून घेणे हाच मग अध्यापनाचा मार्ग झाला. स्वतः शाळा निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड या पद्धतीवर सातत्याने टीका करीत राहिले. भारतात, विशेषतः मुंबई इलाख्यात, ही ‘निकालानुसार अनुदान’ पद्धत रुजली होती. १८८२च्या हंटर आयोगाने ती प्राथमिक शाळांसाठी उचलून धरली. पुढे इंग्लंडने ती १८९०च्या दशकात सोडली आणि आपल्याकडे लॉर्ड कर्झन यांच्या १९०४च्या शिक्षणविषयक ठरावानंतर ती मोडीत निघाली.

आज अनुदान थेट गुणांवर ठरत नाही; प्रतिष्ठा मात्र ठरते. केंद्राच्या ‘परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स’च्या पहिल्या आराखड्यात राज्यांना द्यावयाच्या १,००० गुणांपैकी १८० गुण अध्ययन निष्पत्तींचे होते आणि ते राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे दिले जात. सर्वेक्षण राज्यांच्याच शिक्षण यंत्रणेच्या साहाय्याने पार पडते. ज्याचे मूल्यमापन व्हायचे, त्याच्याच हाती तराजू देऊन वर त्याला क्रमांक जाहीर करण्याची भीती दाखवणे, हे माझ्या त्या आदेशाचेच राष्ट्रीय रूप आहे.

शाळांनी स्वतः घेतलेल्या चाचण्यांचे काय होते, हे मध्य प्रदेशात दिसून आले. शासकीय चाचणी दिलेल्या विद्यार्थ्यांची अर्थशास्त्रज्ञ अभिजीत सिंग यांनी स्वतंत्र फेरचाचणी घेतली, तेव्हा अधिकृत गुण वास्तवाहून कितीतरी अधिक निघाले. आंध्र प्रदेशात टॅबलेटवर घेतलेल्या चाचण्यांत मात्र ही तफावत बरीच कमी झाली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. क्रमवारी नसेल, जाब विचारला जाणार नसेल, तर शिक्षण खात्यातील कोण हालचाल करील? प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही. परंतु २००५ पासून ‘असर’ने मुलांना वाचता येते का, हा प्रश्न देशाच्या चर्चेत आणला, त्यामागे ना अनुदानाचे आमिष होते, ना वेतनवाढ रोखण्याचा धाक. विश्वासार्ह आकडा स्वतःच दबाव निर्माण करतो. फुगवलेला आकडा तो दबाव नाहीसा करतो, कारण सर्व काही ठीक असल्याचा दाखला मंत्र्यापासून पालकापर्यंत सर्वांच्या हाती पडतो.

म्हणून दोन कामे वेगळी केली पाहिजेत. व्यवस्थेची प्रकृती पाहण्यासाठी मर्यादित नमुन्याची, शाळा आणि शिक्षक यांची नावे गुप्त ठेवणारी चाचणी पुरेशी आहे. ती शिक्षण खात्याबाहेरील स्वायत्त संस्थेने घ्यावी. काही शाळांत स्वतंत्र फेरचाचणी व्हावी आणि दोन्ही निकालांतील तफावत प्रत्येक अहवालात छापली जावी. राज्यांच्या गुणांकनातून या चाचणीचे गुण वगळावेत.

दुसरे काम वर्गातले आहे. ‘प्रथम’ने विकसित केलेल्या, पातळीनुसार अध्यापनाच्या पद्धतीत मुलाची वाचनचाचणी काही मिनिटांत होते आणि त्यानुसार मुलांचे गट पाडून शिकवणे सुरू होते. वडोदरा आणि मुंबईतील अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आदींच्या अभ्यासांपासून अशा अध्यापनाचा लाभ दिसून आला आहे. त्या चाचणीचा आकडा फुगवून शिक्षकाला काहीच मिळत नाही. उलट, उद्या कोणाला काय शिकवायचे, हेच त्याला कळेनासे होईल.

‘निपुण भारत’ मोहिमेने तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावे, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली आहे. ती जवळ येत असताना जिल्ह्याजिल्ह्यांतून ‘उद्दिष्ट साध्य’ असे अहवाल मागवले जातील आणि ते येतीलही. ज्या तरुण जिल्हाधिकाऱ्यांच्या मेजावर ते पोहोचतील, त्यांनी स्वाक्षरी करण्यापूर्वी एका शाळेत पूर्वसूचना न देता जावे, एका मुलीला गावातील एखादा फलक वाचायला सांगावा. तिला तो वाचता आला नाही, तर अहवालात तेच लिहावे. मी तसे लिहिले नव्हते. ती मुलगी आज चाळिशीत असेल आणि तिच्याकडे मी काढलेल्या आदेशामुळे मिळालेले उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र असेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)