करंगळीची शाई पुरेशी नाही

पल्स पोलिओचा रविवार आला की धुळे-जळगावच्या गावोगावी केंद्रे मांडली जातात, मुलांच्या डाव्या करंगळीला शाई लागते आणि ‘आमच्या बाळाचे पोलिओचे झाले’ या समाधानात आईबाप घरी परततात. हे समाधान अपुरे आहे, असे स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

पोलिओचा विषाणू दूषित पाण्यावाटे वा अन्नावाटे पोटात शिरतो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. लागण झालेल्या सुमारे दोनशे मुलांमागे एखादेच कायमचे पंगू होते. बाकीची वरकरणी धडधाकट राहून रोग पसरवीत असतात. पहिले मूल लुळे पडते, तोवर विषाणू वस्तीभर फिरलेला असतो. खान्देशला हे दूरचे नव्हे. 2010 साली देशात जे 42 रुग्ण आढळले त्यांत महाराष्ट्रातले पाच होते आणि धुळ्याला खेटून असलेले मालेगाव त्या यादीत होते. पुढच्या वर्षी जानेवारीत हावडा जिल्ह्यातील एका बालिकेनंतर देशात नैसर्गिक विषाणूचा रुग्ण आढळला नाही, आणि 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्तीवर शिक्कामोर्तब झाले.

मग चिंता कशाची? या विषाणूचे तीन प्रकार. पैकी दुसऱ्या प्रकाराचा नैसर्गिक विषाणू 1999 नंतर जगात कोठेही सापडला नाही. थेंबांतील त्याचा दुबळा अवतार मात्र, लसीकरण अर्धवट असलेल्या वस्तीत फिरत राहिला तर, पुन्हा बळावतो. म्हणून एप्रिल 2016 मध्ये तो थेंबांतून वगळण्यात आला. तेव्हापासून दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण मिळते ते केवळ दंडावर टोचल्या जाणाऱ्या लसीतून. सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि, 2023 पासून, नवव्या महिन्यातही. 2024 साली गाझात दहा महिन्यांचे मूल पंगू झाले ते याच प्रकाराने. रविवारच्या थेंबांनी ही उणीव भरून निघत नाही.

आता पोळ्याच्या सुमारास जन्मलेल्या बाळाचा हिशेब मांडावा. सहावा आठवडा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि टोचणी बहुधा गावातच होते. चौदावा येतो तेव्हा चाळीसगावच्या तांड्यावरचे किंवा साक्रीच्या पाड्यावरचे ते कुटुंब ऊसतोडीवर कोपीत राहत असते. मुकादम कोयते मोजतो, बाळे मोजीत नाही! देशातील कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात ही लस फुकट मिळते, त्यासाठी गावी परतावे लागत नाही, ही साधी गोष्ट त्या मातेला निघण्यापूर्वी कोणी सांगायची?

येथे जिल्हा परिषदांना फार मोठा खर्च नाही. कोणते घर कधी बंद होणार हे गावातल्या गुरुजींना हजेरीपट ओस पडू लागताच कळते. ती नावे दिवाळीपूर्वीच आरोग्य सेविकेच्या हाती पडावीत, लसीकरणाचे कार्ड घडवंचीवर न राहता आईच्या गाठोड्यात जावे, आणि कोणत्या कारखान्याच्या कोणत्या तळावर बाळ गेले याची नोंद तेथील आरोग्य केंद्राकडे पोहोचावी. अधिकाऱ्यांच्या तक्त्यात ‘स्थलांतरित’ असा रकाना असतोच. त्यात नुसता आकडा न भरता बाळाचे नाव आणि पुढच्या टोचणीची तारीख भरावी.