खाणकामगारांची भरपाई व वकिलांचा वाटा

कोळशाची धूळ वर्षानुवर्षें फुप्फुसांत सांचली, कीं मनुष्य एक जिना चढतांना धापा टाकूं लागतो. मग हा रोग खाणीचा कीं तंबाखूचा, असा वाद न्यायालयांत माजतो. ब्रिटनमध्यें हा वाद १९९८ सालीं निकालांत निघाला. दोष सरकारी कोळसामंडळाचा ठरला, व भरपाईसाठीं सुमारें ६ लक्ष अर्ज आले.

वाचकांनीं ध्यानांत घ्यावें, कीं मान्य झालेल्या अर्जामागें वकिलाची फी सरकारच भरीत होतें. तरीहि कित्येक वकिलांनीं कामगाराच्या, कधीं त्याच्या विधवेच्या, रकमेंतून आणखी वाटा कापून घेतला. सही केलेला कागद होता ना! २००८ च्या डिसेंबरांत डॉन्कॅस्टरच्या दोघा वकिलांच्या सनदा गेल्या. आम्हांस त्या दोघांपेक्षां त्या कागदाचा राग अधिक येतो. धापा टाकणाऱ्यानें तो कितीसा वाचला असेल?

आमच्या वाचकांच्या घरांत एखादा वकील असतोच, म्हणून हें लिहिलें. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टांत सिलिकोसिस होता. पाथरवट दारीं आला, तर फी किती व ती कोण देणार, हें सहीपूर्वीं त्यास तोंडीं सांगावें. दावा दोन वर्षांच्या आंत लावावा लागतो. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवावें लागतें.